आधीच्या मालकाने चढवलेले टायर, तुमच्या नावावरचं चलान

प्रश्न : मी सहा महिन्यांपूर्वी एक जुनी फोर बाय फोर विकत घेतली. तिला कंपनीकडून 245/75 आर 16 टायर येतात. आधीच्या मालकाने 285/75 आर 16 चे मड टायर चढवले होते आणि चाकं बाहेर यावीत म्हणून स्पेसरही लावले होते. गेल्या आठवड्यात रस्त्यावर तपासणी झाली आणि बेकायदा बदलाचं चलान माझ्या नावावर निघालं. टायरवाला म्हणतो, आरसीवर टायरची साइज लिहिलेलीच नसते, तेव्हा हा बदल धरता येत नाही. चलान भरू की कोर्टात जाऊ? आणि रुंद टायर ठेवायचेच असतील, तर सरळ मार्ग कोणता?

उत्तर : टायरवाल्याचं म्हणणं अगदीच पोकळ नाही, म्हणून आधी तेच घेतो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार मालकाला गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यामुळे आरसीतला तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेला तपशील यांत तफावत पडेल. ‘बदल’ म्हणजे काय, हेही त्याच कलमात सांगितलं आहे : गाडीच्या रचनेतला असा फेरफार, की ज्यामुळे तिचं मूलभूत वैशिष्ट्य बदलतं. खासगी गाडीच्या आरसीवर टायरची साइज सहसा नसते. त्यामुळे ‘तफावत कुठे आहे ते दाखवा’ असं न्यायालयात म्हणता येतं. मीही म्हणेन.

पण या एका मुद्द्याच्या भरवशावर गाडी रस्त्यावर आणू नका. जानेवारी 2019 मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशिलालाच महत्त्व दिलं, आणि राज्याच्या नियमांच्या आधारे बदलांना वाट देणारा उच्च न्यायालयाचा निकाल रद्द केला. त्याच वर्षी कायद्यात कलम 182अ आलं. त्याच्या पोटकलम 4 मध्ये आरसीचा उल्लेखही नाही. कायद्याने किंवा नियमांनी परवानगी न दिलेला बदल मालकाने केला, मग तो बाहेरून सुटे भाग बसवून केलेला का असेना, तर प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. टायरचे नियमही वेगळे आहेतच : केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 94 टायरच्या स्थितीबद्दल, नियम 95 साइज आणि प्लाय रेटिंगबद्दल, म्हणजे टायरच्या थरांच्या मजबुतीबद्दल. तेव्हा आरसी गप्प आहे म्हणून कायदाही गप्प आहे, असं होत नाही. तुमच्या गाडीत टायर हा एक बदल आणि स्पेसर हा दुसरा, असं कोणी मोजलं तर मला नवल वाटणार नाही.

तुमच्याकडे याहून चांगला मुद्दा आहे आणि तो तुमच्या पत्रातच आहे. कलम 182अ (4) मालक असताना ‘बदल करणाऱ्याला’ शिक्षा सांगतं. तुम्ही बदल केलेला नाही, तुम्ही बदललेली गाडी घेतली. विक्रीच्या जाहिरातीतले फोटो, व्यवहाराच्या वेळचे मेसेज, आरसी तुमच्या नावावर झाल्याची तारीख, हे सगळं आजच एका ठिकाणी जमा करा. मात्र ही ढाल एकाच बाजूला चालते. कलम 190 बदल करणाऱ्याकडे नव्हे, चालवणाऱ्याकडे बघतं. रस्ता सुरक्षेच्या मानकांत न बसणारी गाडी सार्वजनिक जागी चालवली, तर त्याच्या पोटकलम 2 खाली पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं आणि लायसन्सही तीन महिने जाऊ शकतं.

म्हणून आधी चलानावर कोणतं कलम टाकलं आहे ते बघा. फक्त 182अ (4) असेल आणि वर सांगितलेले पुरावे हाताशी असतील, तर दिलेल्या मुदतीत हरकत घ्या, लढण्यासारखं आहे. 190 असेल तर तडजोड शुल्क, म्हणजे खटला न चालवता प्रकरण मिटवण्याची रक्कम, भरा आणि मोकळे व्हा. दोन्हींपैकी काहीही केलंत तरी टायर उतरवून मगच पुढचं पाऊल टाका. ‘मी बदल केला नाही’ म्हणणारा माणूस त्याच टायरवर न्यायालयाच्या आवारात शिरला, तर त्याचं कोण ऐकणार?

आता सरळ मार्ग. रुंद टायर मुळातच बेकायदा नाहीत. उत्पादकाने न सांगितलेले टायर अडचणीचे आहेत. एकाच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला पुष्कळदा कंपनीच रुंद टायर देते. चालकाच्या दाराच्या खांबावरचा स्टिकर आणि मॅन्युअल बघा, आणि तुमच्या व्हेरियंटला कोणत्या साइज आणि रिम चालतात ते कंपनीकडून लेखी मागा. समजा उत्तर 265/70 आर 16 आलं (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटचा रिमचा व्यास इंचांत). टायर 20 मिलिमीटर रुंद होतो, पण व्यास 774 वरून 777 मिलिमीटर, म्हणजे जवळपास तोच. तुमच्या सध्याच्या 285/75 चा व्यास 834 मिलिमीटर आहे, मूळ टायरपेक्षा पावणेआठ टक्के मोठा. स्पीडोमीटर 80 दाखवतो तेव्हा गाडी 86 ने पळत असते. वेगाच्या चलानात ‘काटा 80 वर होता’ हे उत्तर चालत नाही, हे वेगळं सांगायला नको. साइज जुळली तरी लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) आणि वेगाचं अक्षर (टायरची वेगमर्यादा सांगणारं) कंपनीने दिलेल्यापेक्षा खालचं घेऊ नका. बरेच मड टायर ‘क्यू’चे, म्हणजे ताशी 160 पर्यंतचे असतात. स्पेसरचा मात्र मी बचाव करणार नाही, ते काढाच.

विम्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण खरी झळ तिथेच बसू शकते. हा बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल, तर अपघातानंतर तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारायला तिला कारण मिळतं. अटींचा भंग झाला तरी दावा पूर्ण न नाकारता ‘नॉन-स्टँडर्ड’, म्हणजे अटी पूर्ण न पाळलेला, धरून 75 टक्के रक्कम देण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या अमलेंदू साहू प्रकरणात धरला होता. त्याचा आधार घेता येतो, पण तो मिळवायला काही वर्षं ग्राहक आयोगाच्या पायऱ्या चढाव्या लागतील.

मोठे टायर आवडत असतील तर विकू नका. खासगी मालकीच्या, लोकांना प्रवेशाचा हक्क नसलेल्या ट्रॅकवर ते वापरता येतील, पण तिथपर्यंत ते गाडीत टाकून न्या आणि परतताना पुन्हा कंपनीच्या साइजवर या. मूळ टायर बसवाल तेव्हा गाडीच्या नंबरची, तारखेची पावती घ्या आणि चारही चाकांचे फोटो काढून ठेवा. हरकत घ्यायची ठरवलीत, तर अर्जाला पहिली हीच कागदं जोडा.