लाजराचं राहू दे, वहिनीचं बोल

पत्र मोठं आहे म्हणून बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. लिहिणारा २८ वर्षांचा, वाळूजला कंपनीत, घर जालन्याजवळच्या गावात, आज्या-पणज्यापासून ख्रिस्ती. मोठा भाऊ मागच्या पावसाळ्यात मोटारसायकलच्या अपघातात गेला. तेव्हापासून मम्मी दर शुक्रवारी उपास धरून कब्रस्तानात जाऊन बसते आणि म्हणते, प्रभूनं लाजराला चार दिवसांनी कबरेतून उठवलं, मग माझ्या लेकराला काहून नाही उठवणार? कबर बांधू देत नाही. मृत्यूचा दाखलाही काढू देत नाही. पोरगा सुट्टीला घरी गेला की दोघांचं वचनांवरून भांडण, आणि आता तो विचारतोय, ताई, मम्मीच्या डोक्यातून हे कसं काढू?

आणि पार शेवटाला, "बाकी ठीक"च्या आधी, ही ओळ: "वहिनी माहेरी परभणीला जाते म्हणते पण मम्मी म्हणते तो उठून आला की बायको घरात पाहिजे, म्हणून ती इथंच आहे."

मी तिथंच अडकले बघ.

बाळा, तुझ्या पत्रात लाजर आहे, येशूनं मेल्यावर उठवलेली याईराची पोरगी आहे, तसाच उठवलेला नाईन गावच्या विधवेचा पोरगा आहे, तुझी रजा, तुझं टेन्शन, तुझी झोप, सगळं आहे, आणि जिचा नवरा गेला तिला एक ओळ? तिचं वयसुद्धा लिहिलं नाहीस, लेकरू नाही एवढं तेवढं कळलं. तुम्ही मायलेक बैठकीत बायबल उघडून भांडायलेत तेव्हा चहा कोण आणून देतं रे? मला नको सांगूस, माहितीय मला.

मम्मीला मी काही म्हणणार नाही. मरणावर देवाची सत्ता आहे हा तुमच्या विश्वासाचा पायाच आहे, प्रेषित पौलानं करिंथकरांना पत्रात सरळ लिहून ठेवलंय की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ, मग ते तू तिच्या डोक्यातून काढणार कसं आणि काढायचं तरी काहून? "माझा भाऊ शेवटच्या दिवशी उठेल" हे लाजराच्या बहिणीला, मार्थालाही ठाऊक होतं, तरी तिला तो आजच पाहिजे होता. आई आहे ती. आणि लाजराला उठवायच्या आधी येशू स्वतः रडलाच ना? बसू दे तिला शुक्रवारी तिथं, कबर दहा वर्षांनी बांधली तरी चालतंय, कुणाचं काही अडत नाही.

अडलंय ते वहिनीचं. आणि तू म्हणशील मी काय केलं, मी तर मम्मीला समजावतोय. हेच केलंस. मम्मीशी वाद घालणं सोपं होतं, त्यात तू शिकलेला आणि बरोबर ठरतोस. वहिनीची बॅग उचलून रिक्षात ठेवली असतीस तर घरात आग लागली असती, म्हणून ते टाळलंस. इतके महिने.

वचनंच पाहिजेत तर मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २२ वा अध्याय काढ. पुनरुत्थान न मानणारे सदूकी येशूला अडवायला येतात, सात भाऊ, एकामागून एक मेले, एकच बाई सातांची बायको झाली, मग उठल्यावर ती कुणाची? येशू म्हणाला, पुनरुत्थानात लग्न करत नाहीत आणि करून देतही नाहीत. म्हणजे तुमच्याच शास्त्राप्रमाणं, उठणाऱ्यासाठी बायकोला घरात बसवून ठेवायची गरज नाही. आणि रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या ७ व्या अध्यायात तर पौल म्हणतो, नवरा जिवंत तोवर बाई बांधलेली, तो मेला की ती मोकळी. पण खबरदार, हे घेऊन मम्मीसमोर नवीन भांडण काढशील तर! हे वहिनीला वाचून दाखव. तिला काय वाटत असेल याचा विचार केलायस का, मी गेले तर लोक म्हणतील हिचाच विश्वास कमी पडला म्हणून तो उठला नाही. इतकं ओझं घेऊन बसली असेल ती, आणि तुला वाटतंय "इथंच आहे".

तर आता ऐक. घरी जा, रजा मिळत नसेल तर बिनपगारी घे. वहिनीला एकटीला विचार, मम्मी चर्चला गेली असताना, की अजून जायचंय का. हो म्हणली तर त्याच दिवशी जालना स्टेशनावरनं परभणीची गाडी धर, तिच्या घरापर्यंत तू स्वतः जा, तिच्या वडलांसमोर बस, नुसतं गाडीत बसवून परत येऊ नको. मम्मी रडेल, अंगावर येईल, शाप देईल. ऐकून घे, उलट बोलू नको, पण थांबू नको.

दाखला पण तूच काढ आणि त्याची एक प्रत वहिनीच्या हातात दे. भावानं मृत्युपत्र केलेलं नसेल तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानं मूल नसलेल्या ख्रिस्ती विधवेचा नवऱ्याच्या मिळकतीत अर्धा हिस्सा आहे, पीएफ, बँक सगळीकडं तो कागद लागणार, आणि उद्या "तू तर सोडून गेलीस" असं कुणी म्हणायच्या आत तो तिच्याकडं पाहिजे.

तिकिटाचे पैसे तू दे. पोचल्यावर मला कळव, आणि या वेळी पत्रात तिचं वय लिही.