कन्सोल.लॉगऐवजी लॉगलेव्हल वापरावी का?

हो, बिनधास्त वापरा. लॉगलेव्हल म्हणजे कन्सोलमध्ये मेसेज लिहिणारे लॉग महत्त्वानुसार चालू-बंद करू देणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी. जागोजागी पेरलेले कन्सोल.लॉग प्रॉडक्शनमध्ये (युजर वापरतात त्या साइटवर) बंद करायचेत आणि स्वतःचं रॅपर, म्हणजे कन्सोल.लॉगभोवती गुंडाळलेलं फंक्शन, लिहिलं तर कन्सोलमध्ये प्रत्येक मेसेजसमोर त्या रॅपरच्याच फाइलची ओळ दिसते, असं तुम्ही म्हणताय. लॉगलेव्हल मला आवडते ती नेमकी यासाठीच.

तुमचं रॅपर आतून कन्सोल.लॉगला कॉल करतं, म्हणून ब्राउझर कॉलची जागा म्हणून रॅपरचीच ओळ दाखवतो. लॉगलेव्हल असा मधला कॉल ठेवतच नाही. लेव्हल ठरली की चालू मेथडच्या जागी ती थेट कन्सोलचंच फंक्शन बाइंड करून ठेवते आणि बंद मेथडच्या जागी रिकामं फंक्शन. त्यामुळे लाइन नंबर तुमच्याच फाइलचा दिसतो. लायब्ररी अगदी छोटी आहे आणि तिला दुसऱ्या कुठल्याही पॅकेजची गरज लागत नाही.

लेव्हल पाच, कमी महत्त्वाच्यापासून जास्त महत्त्वाच्यापर्यंत: ट्रेस, डीबग, इन्फो, वॉर्न, एरर. लावलेल्या लेव्हलच्या खालचे मेसेज दिसत नाहीत. काहीच सेट केलं नाही तर वॉर्न धरली जाते, म्हणून पहिल्या दिवशी लॉग.इन्फो दिसला नाही तर गोंधळू नका.

खरी काळजी घ्यायची ती सेटलेव्हलची. ही लेव्हल ठरवणारी मेथड निवडलेली लेव्हल लोकलस्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या रिफ्रेशनंतरही टिकणाऱ्या साठ्यात, ठेवते. कोडमध्ये सुरुवातीलाच सेटलेव्हल लिहिलंत, तर कन्सोलमधून हाताने लावलेली डीबग लेव्हल पान रिफ्रेश करताच पुसली जाते. म्हणून कोडमध्ये सेटडिफॉल्टलेव्हल वापरा. आधी साठवलेली लेव्हल असेल तर ते तिला हात लावत नाही. मग एखाद्या युजरच्या मशीनवर बग शोधताना कन्सोलमधून सेटलेव्हल करायचं, पान रिफ्रेश करायचं आणि अगदी पहिल्या ओळीपासूनचे लॉग बघायचे. काम झालं की रीसेटलेव्हल. यासाठी लॉग ऑब्जेक्ट विंडोवर, म्हणजे ब्राउझरच्या ग्लोबल ऑब्जेक्टवर, टांगून ठेवावा लागतो, कारण बंडल झालेल्या (एकाच फाइलमध्ये बांधलेल्या) मॉड्यूलमधला व्हेरिएबल कन्सोलला दिसत नाही.

गेटलॉगर वापरून प्रत्येक मॉड्यूलला नावाचा वेगळा लॉगर देता येतो. मोठ्या प्रोजेक्टमध्ये फक्त लॉगिनचे किंवा फक्त कार्टचे लॉग चालू करता येणं फार सोयीचं पडतं. पण नवा लॉगर मुख्य लॉगरची लेव्हल उचलतो ती तयार होतानाच. इम्पोर्ट सगळ्यात आधी चालतात, त्यामुळे मुख्य फाइलमध्ये लेव्हल सेट होईपर्यंत इतर मॉड्यूलचे लॉगर वॉर्न घेऊन बसलेले असतात. एक वेगळी फाइल करा, तिथे लेव्हल सेट करा आणि सगळ्यांनी लॉगर त्याच फाइलमधून घ्यावा.

एक कळकळीने सांगतो: बंद लेव्हलचा मेसेज दिसत नसला तरी तो कोड बंडलमध्ये असतोच आणि कन्सोल उघडून कुणीही लेव्हल बदलू शकतं. टोकन, पासवर्ड, युजरची माहिती डीबगलासुद्धा लिहू नका. शिवाय लॉग.डीबगला दिलेलं आर्ग्युमेंट लेव्हल बंद असतानाही इव्हॅल्युएट होतं. मोठा ऑब्जेक्ट जेसन.स्ट्रिंगिफायने मजकुरात बदलून देत असाल तर आधी गेटलेव्हल तपासा.

युजरच्या ब्राउझरमधले एरर सर्व्हरवर आपोआप पोहोचणार नाहीत. मेथडफॅक्टरी, म्हणजे लॉगच्या मेथड तयार करणारं लॉगलेव्हलचं फंक्शन, बदलून तशी सोय करता येते, पण प्रत्येक कॉल गुंडाळलात की लाइन नंबर पुन्हा गेला. मी फक्त एररच गुंडाळतो. तिथे लाइन नंबर गेला तरी चालतं, कारण एरर कुठून आला याचा माग (स्टॅक) एरर ऑब्जेक्टमध्ये असतोच. नोडवरच्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या) सर्व्हरसाठी मात्र पिनो ही लॉगिंग लायब्ररी घ्या. ती प्रत्येक लॉग जेसनच्या एका ओळीत लिहिते, नंतर शोधायला सोपं जातं.