स्पॉन्सर लायसन्स सस्पेंड झालंय आणि सल्लागार म्हणतो 'आम्ही बघतो': माझा अनुभव

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळा आला. लेस्टरमध्ये दोन रेस्टॉरंट, सहा माणसं स्किल्ड वर्कर व्हिसावर, होम ऑफिसचं, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याचं, लायसन्स सस्पेंड केल्याचं पत्र, आणि सल्लागार म्हणतोय 'तुम्ही काही करू नका, आम्ही बघतो'. तीन वर्षांपूर्वी आम्ही नवरा-बायको नेमके इथेच होतो. फरक एवढाच की आमचं रेस्टॉरंट एक आणि माणसं तीन.

मी वकील नाही. खाली लिहितोय तो एका मालकाचा अनुभव आहे. नियम सारखे बदलतात, त्यामुळे प्रत्येक गोष्ट तुमच्या सॉलिसिटरकडून ताडून घ्या.

लायसन्स म्हणजे परदेशी माणूस कामावर ठेवायचा मालकाचा परवाना, आणि सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप म्हणजे त्या माणसाच्या व्हिसासाठी मालकाने द्यायचं प्रमाणपत्र, हे तुम्हाला माहीत असणारच. मी थेट आमच्या चुकीवर येतो. लायसन्स घेताना ऑथरायझिंग ऑफिसर, म्हणजे लायसन्सची जबाबदारी घेणारा माणूस, मी होतो आणि लेव्हल वन युजर, म्हणजे सिस्टिमवर रोजचं काम बघणारी, बायको, पण ते फक्त कागदावर. होम ऑफिसच्या ऑनलाइन स्पॉन्सरशिप मॅनेजमेंट सिस्टिमचा, म्हणजे आपण ज्याला एसएमएस म्हणतो त्याचा, युजर आयडी आणि पासवर्ड पहिल्या दिवसापासून सल्लागाराच्या ऑफिसात होता. की कॉन्टॅक्ट म्हणून, म्हणजे होम ऑफिसने संपर्क साधायला, ईमेलही त्यांचाच दिलेला. आम्हाला ती सोय वाटली. तंदूर पेटवायचा की स्क्रीनसमोर बसायचं? असा पासवर्ड दुसऱ्याच्या हातात देणं हाच मुळात नियमभंग आहे, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही.

मग आमच्या शेफच्या वडिलांना साताऱ्यात ब्रेन स्ट्रोक झाला. तो रात्रीच्या विमानाने गेला आणि सात आठवडे तिकडेच राहिला. पगारी रजा संपली, पुढचे जवळजवळ पाच आठवडे बिनपगारी. कॅलेंडर वर्षात बिनपगारी रजा एकूण चार आठवड्यांपेक्षा जास्त झाली, तर आजारपण, बाळंतपण अशी ठरावीक कारणं सोडता स्पॉन्सरशिप थांबवावी लागते. सबळ मानवी कारण असेल तर ते मांडता येतं, पण ते वेळेत आणि कागदावर असावं लागतं. अशी घटना १० कामकाजाच्या दिवसांत एसएमएसवर कळवायची असते. मी सल्लागाराला फोन केला. उत्तर मिळालं, 'परत आला की बघू, एवढ्या तेवढ्यासाठी रिपोर्ट केला तर उगाच नजरेत याल.' मी ऐकलं. सगळ्यात महाग पडलं ते हेच वाक्य.

काही महिन्यांनी दुपारी तीनच्या सुमारास होम ऑफिसचे दोन अधिकारी आले. मिसळीचा कट उकळत होता, सर्व्हिस नुकती संपली होती. त्यांनी मला टेबलावर बसवून सांगितलं, एसएमएसवर लॉगिन करून दाखवा. मी लॅपटॉप उघडला आणि बघतच राहिलो, कारण माझ्याकडे टाकायला काहीच नव्हतं. बायकोने सल्लागाराला फोन लावला. तीनदा लावला, उचलला नाही. अधिकारी शांतपणे लिहून घेत होते. मग त्यांनी शेफच्या पगाराच्या स्लिपा मागितल्या, आणि एका स्लिपवर शून्य दिसलं.

सस्पेन्शनचं पत्र आलं ते सल्लागाराच्या ईमेलवर. उत्तर द्यायला २० कामकाजाचे दिवस असतात. त्यातले नऊ दिवस ते पत्र त्यांच्याकडे पडून होतं. आम्हाला कळलं ते मी स्वतः त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो तेव्हा.

त्या संध्याकाळी आम्ही त्यांना काढलं आणि इमिग्रेशनचंच काम करणारी सॉलिसिटर गाठली. तिने पहिल्या दिवशी विचारलं, 'लॉगिन तुमच्या हातात कधी येईल?' तिने होम ऑफिसला लिहिलेलं उत्तर कायद्याच्या भाषेत होतं, पण उपयोगी पडले ते आमचे कागद: सातारच्या हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, विमानाची तिकिटं, शेफने पाठवलेले व्हॉट्सॲप मेसेज तारखांसकट छापून, बँक स्टेटमेंट. चूक झाली हे आम्ही सरळ मान्य केलं. लायसन्स रद्द झालं नाही. बी रेटिंग, म्हणजे सुधारणेच्या अटीवरचा खालचा दर्जा, मिळालं, सुधारणेच्या ॲक्शन प्लॅनसाठी १,४७६ पौंड भरले, आणि तीन महिन्यांनी पुन्हा ए रेटिंगवर आलो. बी रेटिंग असेपर्यंत नवा माणूस आणता येत नाही, तेवढा काळ तंदूरवर मीच उभा होतो.

म्हणून माझं स्पष्ट मत, कोणाला राग आला तरी: 'तुम्ही काही करू नका' म्हणणारा सल्लागार लगेच सोडा. कायदा जबाबदार धरतो तो स्पॉन्सरला, एजंटला नाही. लायसन्स रद्द झालं तर त्यावर अपील नाही, फक्त ज्युडिशियल रिव्ह्यू, म्हणजे निर्णय कायदेशीर होता का हे कोर्टाकडून तपासून घेणं, आणि तो फार खर्चिक. तुमच्या सहा माणसांच्या व्हिसाची मुदत सहसा ६० दिवसांवर येते. त्यांच्या पोरांच्या शाळा इथे आहेत, हे सल्लागाराच्या हिशोबात कुठेच नसतं.

सल्लागार नोंदणीकृत आहे का तेही तपासा. सॉलिसिटर असेल तर एसआरएकडे, म्हणजे सॉलिसिटरांच्या नियामक संस्थेकडे, नसेल तर इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटी या सल्लागारांच्या नियामक संस्थेच्या यादीत. जानेवारी २०२५ पर्यंत तिचं नाव ओआयएससी होतं. नोंदणीशिवाय असा सल्ला देणं गुन्हा आहे. आमचा नोंदणीकृत होता, तरी हे झालं. म्हणजे यादीत नाव आहे एवढ्यावर निश्चिंत होऊ नका.

विषय निघालाच आहे तर आणखी एक. काही मालक माणसांच्या पगारातून खर्च वळता करतात. इमिग्रेशन स्किल्स चार्ज, म्हणजे परदेशी माणूस ठेवण्यासाठी मालकाने सरकारला भरायचं शुल्क, कामगाराकडून कधीच घ्यायचा नसतो, आणि ३१ डिसेंबर २०२४ पासून दिलेल्या सर्टिफिकेटची फीही नाही. हे सापडलं तर कुठलाही वकील फार काही करू शकत नाही. राइट टू वर्क तपासणीही, म्हणजे माणसाला इथे काम करायचा हक्क आहे का ते बघणं, माणूस कामावर येण्याआधी, त्याने दिलेला ऑनलाइन शेअर कोड टाकून, त्या पानाची तारखेसह प्रत ठेवून करा. बेकायदा माणूस सापडला तर फेब्रुवारी २०२४ पासून पहिल्याच वेळी माणशी ४५,००० पौंडांपर्यंत दंड आहे.

तुम्ही लिहिलंय की एक मुलगा दुसऱ्या शाखेत काम करताना सापडला. कामाची जागा बदललेली कळवली नव्हती, असं दिसतंय. रोटा, म्हणजे कामाच्या पाळ्यांचं वेळापत्रक, भाड्याचे कागद, त्याला पाठवलेले मेसेज, सगळं आजच एका फाइलमध्ये लावा. मागच्या तारखेचं पत्र कोणी तयार करून देतो म्हणाला तर त्याला दारातच थांबवा.

आणि तुमच्या माणसांना बाहेरून कळण्याआधी तुम्हीच सांगा. आम्ही रात्री दुकान बंद केल्यावर तिघांना चहावर बसवून सांगितलं. शेफ बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, 'दादा, माझ्यामुळे झालं का?' त्याच्यामुळे झालं नव्हतं, आणि ते मला त्याच्या तोंडावर सांगता आलं.

पत्रावरची तारीख बघून इथे लिहा, कामकाजाचे दिवस बँक हॉलिडे वगळून मोजून देतो. लॉगिन आज कोणाकडे आहे तेही लिहा.