इलेक्ट्रिक सायकल: पेडल असिस्ट बरं की थ्रॉटल?

पुण्यात कोथरूडहून बावधनला रोज इलेक्ट्रिक सायकलने जायचं असेल, तर चांदणी चौकाचा चढ आलाच. मग पेडल असिस्टच बघा, म्हणजे तुम्ही पेडल मारता तेव्हा मोटर मदत करते ती सोय. नुसत्या थ्रॉटलवर, म्हणजे पेडल न मारता हँडलवरूनच मोटर चालवली, तर 250 वॅटची मोटर चढाला धापा टाकते आणि बॅटरी भराभर उतरते. असिस्टमध्ये पायांचाही जोर लागतो, तीच बॅटरी बरीच लांब जाते.

घेताना टॉर्क सेन्सर, म्हणजे पेडलवरचा जोर मोजणारा सेन्सर, आहे का, ते विचाराच. स्वस्तातल्या सायकलींना कॅडन्स सेन्सर असतो. त्याला पेडल फिरतंय एवढंच कळतं, तुम्ही जोर किती लावताय ते नाही. म्हणून मोटर कधीकधी झटक्यात ओढते, गर्दीत ते नको वाटतं.

थ्रॉटल सिग्नलवरून निघताना किंवा गुडघा कुरकुरत असेल तेव्हा कामाला येतो. आपल्याकडे बऱ्याच मॉडेलांत दोन्ही मिळतंच. फक्त ताशी 25 किमीच्या वर पळणारी घेतलीत, तर नोंदणी आणि लायसन्स आलं.