2011 च्या भूकंपासाठी जपान तयार होता, मग एवढी माणसे कशी गेली?

आपण विचारले आहे की भूकंपांना पिढ्यान्‌पिढ्या सरावलेला जपान 11 मार्च 2011 रोजी बेसावध कसा सापडला, आणि बहुतेक इमारती टिकून राहिल्या असतील तर मृत आणि बेपत्ता मिळून अठरा हजारांवर माणसे कशी गेली. मी भूभौतिकी शिकवतो आणि हा भूकंप दरवर्षी वर्गात शिकवायला घेतो, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. थोडक्यात सांगायचे तर जपानची तयारी हादऱ्यासाठी होती आणि ती बऱ्याच अंशी कामीही आली. चुकला तो समुद्रतळाच्या एका अरुंद पट्ट्याविषयीचा अंदाज.

आधी हादऱ्याचे पाहू. भूकंप दुपारी 2 वाजून 46 मिनिटांनी, सेंदाई शहराच्या पूर्वेला सुमारे 130 किलोमीटरवर समुद्राखाली झाला आणि त्याची महत्ता (मॅग्निट्यूड, म्हणजे भूकंप केवढा मोठा हे सांगणारा आकडा) 9.0 भरली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला झालेला भूकंप 6.2 महत्तेचा होता. महत्ता एका अंकाने वाढली की मुक्त होणारी ऊर्जा सुमारे बत्तीसपट होते, त्या हिशेबाने जपानमध्ये किल्लारीच्या जवळपास सोळा हजारपट ऊर्जा बाहेर पडली. तरीही किल्लारी-सास्तूर भागात दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे अंगावर येऊन हजारो माणसे दगावली, तर जपानमध्ये ज्यांच्या मृत्यूचे कारण निश्चित झाले त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक माणसे बुडून गेली होती. (किल्लारीचा भूकंप वस्तीच्या अगदी पायाखाली आणि उथळ झाला होता, ही गोष्ट तुलना करताना विसरून चालणार नाही.) जपानमध्ये त्या वेळी धावत असलेल्या शिंकान्सेन या अतिवेगवान गाड्या एकही प्रवासी न गमावता थांबल्या.

आता तो पट्टा. जपानच्या ईशान्य किनाऱ्यापासून सुमारे दोनशे किलोमीटरवर सात-आठ किलोमीटर खोल सागरी गर्ता, म्हणजे समुद्रतळावरची लांबट दरी, आहे. पॅसिफिक प्लेट, म्हणजे प्रशांत महासागराखालचा पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा, वर्षाला आठ-नऊ सेंटीमीटर या गतीने तिथे जपानखाली शिरते. दोन प्लेटांमधला संपर्कपृष्ठ जिथे अडकून बसतो तिथे वरच्या प्लेटची कड खालचीबरोबर ओढली जाते, आक्रसते आणि शतकानुशतके ताण साठवत राहते. अडकलेला भाग सुटला की ती कड समुद्राच्या दिशेने झेपावते, गर्तेजवळचा तळ वर उचलला जातो आणि मागचा किनारा ताणला जाऊन खचतो. त्या दिवशी या किनाऱ्यावरचे ओशिका द्वीपकल्प 5.3 मीटर पूर्व-आग्नेयेला सरकले आणि 1.2 मीटर खाली गेले. त्यानंतर त्या किनाऱ्यावरच्या सखल भागांत साध्या भरतीचे पाणीही शिरू लागले.

सेंदाई ज्यात आहे त्या मियागी प्रांतासमोरच्या समुद्रात साधारण 7.5 महत्तेचे भूकंप काही दशकांच्या अंतराने होत आले होते, आणि पुढचा तसा भूकंप तीस वर्षांत होण्याची शक्यता सरकारी समितीने 99 टक्के धरली होती. 9 मार्चला तिथेच 7.3 चा भूकंप झाला, छोटी त्सुनामी आली आणि ओसरली. मात्र हे सारे हिशेब किनाऱ्याच्या बाजूच्या, खोलवरच्या भागाचे होते. गर्तेलगतचा उथळ भाग मऊ, पाणी धरून ठेवणाऱ्या गाळाचा असल्याने तो ताण साठवू शकत नाही, हळूहळू घसरत राहतो, असा सर्वसाधारण समज होता. शिवाय इथली पॅसिफिक प्लेट सुमारे 13 कोटी वर्षे जुनी, थंड आणि जड आहे. अशा प्लेटा निमूट खाली जातात आणि 9 महत्तेचे भूकंप तरुण प्लेटांच्या वाट्याला येतात, हे 1980 च्या सुमाराचे अनुमान पाठ्यपुस्तकांत मुरले होते. जमिनीवरच्या जीपीएस केंद्रांना दोनशे किलोमीटर दूरच्या गर्तेजवळ काय साचते आहे, हे नीट कळणे शक्यच नव्हते. प्रत्यक्षात सुमारे 500 किलोमीटर लांब आणि 200 किलोमीटर रुंद पृष्ठ तुटला आणि सर्वांत मोठी घसरण, सुमारे पन्नास मीटर, नेमकी त्या ‘निरुपद्रवी’ उथळ भागात झाली. वर्षाला आठ-नऊ सेंटीमीटर धरले तर ही सुमारे सहाशे वर्षांची थकबाकी होते.

मऊ गाळ इतका कसा घसरला, याचे उत्तर शोधण्यासाठी 2012 मध्ये ‘चिक्यू’ हे समुद्रतळाला छिद्र पाडणारे जहाज गर्तेवर गेले. जवळजवळ 6,900 मीटर पाण्याखाली तळ गाठून त्याखाली आणखी आठशेहून अधिक मीटर छिद्र पाडण्यात आले, आणि भ्रंशाचा, म्हणजे दोन प्लेटा जिथे एकमेकींवरून घसरल्या त्या भेगेचा, नमुना वर आला तेव्हा घसरणीचा थर पाच मीटरहूनही कमी जाडीचा निघाला. त्यात तपकिरी, खवल्याखवल्यांची चिकणमाती होती आणि तिच्यात स्मेक्टाइट हे खनिज भरपूर होते. प्रयोगशाळेत ती भूकंपाच्या वेगाने घासली असता घर्षणांक 0.1 च्या आसपास आला, म्हणजे शेवाळलेल्या पायरीसारखी गत. छिद्रात सोडलेल्या तापमापकांनी, भूकंपाला दीड वर्ष होत आले असतानाही, भ्रंशाजवळ सुमारे 0.3 अंश सेल्सिअस जास्तीची ऊब नोंदवली. ऊब इतकी थोडी, याचा अर्थ घर्षणही थोडेच झाले होते. खालून वेगाने आलेली घसरण अशा मातीत शिरली की तिला थोपवणारे काही उरत नाही. माझ्या मते या भूकंपाने विज्ञानाला शिकवलेली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे.

त्सुनामीचे बळ जमीन किती हलली यापेक्षा पाणी किती उचलले गेले यावर ठरते, आणि ही घसरण सर्वांत खोल पाण्याखाली झाली होती. त्याच किनाऱ्यावरच्या कामाइशी शहरासमोर तळावर बसवलेल्या दाबमापकावर समुद्राची पातळी आधी सावकाश दोन मीटर चढली आणि मग दोनेक मिनिटांत एकदम आणखी तीन मीटर. हा दुसरा सुळका त्या उथळ घसरणीचा होता. किनाऱ्यावरच्या चिंचोळ्या खाड्यांत पाणी काही ठिकाणी चाळीस मीटर उंचीपर्यंत चढले, सेंदाईच्या सपाट मैदानात ते पाच किलोमीटर आत गेले.

इथे दुसरा अंदाज चुकला. जपानच्या हवामान संस्थेने तीन मिनिटांत महत्ता 7.9 धरून इशारा दिला आणि मियागी प्रांतासाठी 6, शेजारच्या इवाते व फुकुशिमा प्रांतांसाठी 3 मीटर लाटेचा आकडा जाहीर केला. झटपट मोजणीची ती पद्धत आठच्या पुढे अडखळते, आणि अचूक मोजणी करणारी देशातली संवेदनशील उपकरणे हादऱ्याने मर्यादेबाहेर गेली होती. आकडे 3 वाजून 14 मिनिटांनी वाढवले गेले, पण तोवर अनेक ठिकाणी वीज गेली होती आणि पहिलाच आकडा लोकांच्या कानात राहिला होता. समोर दहा मीटर उंच समुद्रभिंत असताना तीन मीटर लाटेचा इशारा ऐकलेला माणूस डोंगराकडे धावेलच असे नाही. तारो गावाची तशीच भिंत पाण्याने ओलांडली.

सेंदाईच्या मैदानात पाणी इतके आत येऊ शकते, याची खूण मात्र मातीत होती. इ. स. 869 च्या जोगान भूकंपात सुमारे हजार माणसे बुडाल्याची राजदरबारी नोंद आहे, आणि त्या त्सुनामीने अंथरलेला वाळूचा थर सेंदाईच्या शेतांखाली काही किलोमीटर आतपर्यंत सापडतो. हे संशोधन 1990 पासून प्रसिद्ध होत होते. फुकुशिमा दाइइची अणुप्रकल्प उभारताना मूळचा पस्तीसेक मीटरचा कडा दहा मीटरपर्यंत खाली छाटला होता. चौदा-पंधरा मीटरची लाट आली आणि बहुतेक आणीबाणीचे जनित्र व वीजवाटपाचे फलक तळघरांत बुडाले. भूकंपकेंद्राला त्याहून जवळ असलेला ओनागावा प्रकल्प 14.8 मीटरवर होता, कारण वीज कंपनीतले हिराई यानोसुके यांनी त्या उंचीचा आग्रह धरला होता. तो वाचला आणि शेकडो बेघर गावकऱ्यांनी त्याच्या आवारात आसरा घेतला.

त्यानंतर गर्तेच्या दोन्ही बाजूंना समुद्रतळावर केबलने जोडलेली 150 निरीक्षण केंद्रे बसली आहेत. हवामान संस्थेनेही मार्च 2013 पासून पद्धत बदलली: भूकंप आठच्या पुढचा असण्याची शंका असली तर पहिल्या इशाऱ्यात मीटरमध्ये आकडा दिला जात नाही, लाट ‘प्रचंड’ आहे एवढेच सांगितले जाते.