पहिल्यांदाच शाळेचा बास्केटबॉल संघ घेऊन निघालास ना? मग ऐक

अरे, आयपीएससीच्या, म्हणजे इंडियन पब्लिक स्कूल्स कॉन्फरन्स या शाळांच्या संघटनेच्या स्पर्धेत सरावाइतकाच घाम कागदांसाठी गाळावा लागतो. वयोगटाचा पुरावा मूळ प्रतीसकट स्वतःच्या पिशवीत ठेव, मुलांकडे देऊ नकोस. एका वर्षी मी नुसती झेरॉक्स नेली आणि आमचा सगळ्यात उंच पोरगा तिन्ही सामने बाकावर बसून राहिला. त्याच्या आईसमोर इंदूर स्टेशनवर उभं राहणं सामना हरण्यापेक्षा जड गेलं.

ग्वाल्हेरला सिंधिया स्कूलमध्ये सामना असेल तर वेळ हातात ठेवून निघ. शाळा किल्ल्यावर आहे, 1897 पासूनची. पोरं तटबंदी बघत रेंगाळतात. रात्रीच्या गाडीनं उतरून थेट मैदानात नेऊ नकोस, पाय आखडलेले असतात.

सामना इंदूरला आपल्या डेली कॉलेज शाळेत, म्हणजे घरचाच असेल तर वेगळीच पंचाईत. पाहुण्या संघाला सराफा, म्हणजे रात्रीचा खाऊबाजार दाखवायच्या नावाखाली आपलीच पोरं रात्री अकराला गराडू (तळलेला कंद) खात सापडतात. आदल्या रात्री वरणभात, बस्स.

बास्केटबॉलला पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर जातो. म्हणून तिसरा झाला की त्याला थोडं बसव. तो रुसेल. रुसू दे.