त्वचेच्या डॉक्टरांबद्दल समाधान कशावर ठरतं?

तुमचा प्रश्न असा की नायट्यासाठी तीन डॉक्टर झाले, तिघेही शिकलेले, तरी एकाकडेही समाधान का झालं नाही. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. आमच्या मेडिकलच्या वरच स्किनचा दवाखाना आहे. जिना उतरणारा माणूस खूश आहे की वैतागलेला, हे चिठ्ठी हातात पडायच्या आधीच कळतं.

खूश असलेला बरा झालेला असतो असं मुळीच नाही. पहिल्या भेटीत कोण बरं होतं? काउंटरवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "नीट बघितलंसुद्धा नाही हो." अनुभवी डॉक्टरला नायटा बघताक्षणी ओळखू येतो, आणि पेशंटला नेमकं तेच खटकतं. नंबर लावून ताटकळायचं, लाज सोडून जांघ दाखवायची आणि समोरच्याने लांबूनच मान हलवून लिहायला घ्यायचं! कोड असलेल्यांना तर हे फार लागतं. शिवल्याने कोड पसरत नाही हे नुसतं सांगण्यापेक्षा डॉक्टरने त्या डागावर बोट फिरवलं, तर सोबत आलेल्या सासूलाही ते पटतं.

रोममधल्या त्वचारोगांच्या ओपीडीतल्या पेशंटचा एक अभ्यास २००१ मध्ये छापून आला होता. डॉक्टर किती समजावून सांगतो आणि किती आपुलकीने वागतो, याचा समाधानाशी थेट संबंध त्यात दिसला. आजाराने ज्यांचं रोजचं जगणं जास्त अवघड केलं होतं, ते कमी समाधानी होते. डॉक्टर चट्टा किती मोठा ते बघतो. पेशंट मोजतो चारचौघांत खाजवता न येणं. ब्रिटनमधल्या कार्डिफच्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये यासाठीच दहा प्रश्नांची एक प्रश्नावली आणली. कपडे कुठले घालता, लाज वाटते का, इतकंच काय, उपचारामुळे घरात पसारा होतो का, हेही त्यात विचारलंय. आपल्याकडच्या गर्दीच्या ओपीडीत एवढं कोण विचारणार म्हणा.

मलम किती लावायचं हे तर जवळजवळ कुणालाच सांगितलेलं नसतं. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. तेवढी दोन पंजांएवढ्या जागेला पुरते. नायटा दहा पंजांएवढा पसरला असेल आणि दिवसातून दोनदा लावायचं असेल, तर रोज पाच ग्रॅम लागतं. १५ ग्रॅमची ट्यूब तीन दिवसांत संपायला हवी. आमच्याकडे लोक तीच ट्यूब महिनाभर पुरवतात आणि मग म्हणतात, "गुण नाही आला."

आता आमच्या धंद्याला न आवडणारी गोष्ट. सर्वांत खूश गिऱ्हाईक असतं स्टेरॉइड मिसळलेलं मलम चिठ्ठीशिवाय नेणारं. दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, दुवा मिळतो. नायटा ज्या बुरशीने होतो ती मात्र आत वाढतच असते, आणि पुढे नायटा असा पसरतो की ओळखायलाही कठीण जातो. सरकारने २०१८ मध्ये बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, पण मिळायची ती मिळतातच. म्हणून पेशंट खूश आहे एवढ्यावरून मी डॉक्टर जोखत नाही. प्रामाणिक डॉक्टर "काही आठवडे लागतील, चट्टा गेला तरी औषध थांबवू नका" असं सांगतो, आणि ते ऐकून लोक नाराज होतात. तुमच्या तिघांपैकी असं कुणी सांगितलं होतं का? सांगितलं असेल तर नवा शोधू नका, त्यांच्याकडेच परत जा.

जाताना आजवर वापरलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, रिकाम्यासुद्धा. घरात आणखी कुणाला खाजत असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा, त्यालाही सोबत न्या. आणि तोपर्यंत तुमचा टॉवेल वेगळा ठेवा.